परदेशातील वैद्यकीय पदवी आणि महाराष्ट्रातील नोंदणी : यावलच्या एका पालकांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न विचारणारे गृहस्थ यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहेत. त्यांची हकिकत थोडक्यात अशी. मुलगी 2019 साली नीट उत्तीर्ण झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किर्गिझस्तानातील एका विद्यापीठात दाखल झाली. करोनाच्या काळात काही सत्रे तिने घरी बसून ऑनलाइन केली, नंतर परत जाऊन अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पदवी घेऊन आली. भारतात परतल्यावर तिने एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांना भारतात नोंदणीसाठी द्यावी लागणारी स्क्रीनिंग टेस्ट, दोनदा दिली. 300 पैकी पहिल्या वेळी 131 आणि दुसऱ्या वेळी 144 गुण मिळाले, उत्तीर्ण व्हायला 150 लागतात. तिला तिसऱ्यांदा बसवावे की दुसरा मार्ग पाहावा, दरम्यान ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तिने रुग्ण तपासले तर चालेल का, आणि ‘दुसऱ्या राज्यातून नोंदणी करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाचे ऐकावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. भाचा 2022 पासून जॉर्जियात शिकतो आहे, त्यालाही हेच नियम लागू आहेत का, हेही त्यांनी जाता जाता विचारले आहे.

भाऊ, मी स्वतः रशियातून पदवी घेऊन आलेला आणि ही परीक्षा देऊन नोंदणी मिळवलेला डॉक्टर आहे. धुळ्यात प्रॅक्टिस करतो आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील परत आलेल्या मुलामुलींच्या फायली गेली बरीच वर्षे पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा प्रश्न जितका परीक्षेचा वाटतो तितका तो परीक्षेचा नाही. 2002 च्या स्क्रीनिंग टेस्ट नियमांत प्रयत्नांना मर्यादा घातलेली नाही आणि परीक्षा वर्षातून दोनदा, साधारणपणे जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते, त्यामुळे कमी पडलेले सहा गुण पुढच्या सत्रात मिळू शकतात. अभ्यासक्रमाच्या नोंदींत राहिलेली उणीव मात्र कितीही अभ्यास केला तरी भरून निघत नाही, आणि ती बहुतेक वेळा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, पेढे वाटून झाल्यावर, नोंदणी देणाऱ्या राज्य वैद्यक परिषदेच्या खिडकीवर उघडकीस येते. म्हणून तिसऱ्या प्रयत्नाची चर्चा करण्याआधी फाइल तपासा असे माझे पहिले सांगणे आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. परीक्षेचे प्रवेशपत्र मिळाले म्हणजे कागदपत्रे मान्य झाली असे पालक धरून चालतात. प्रत्यक्षात ही परीक्षा घेणारे राष्ट्रीय परीक्षा मंडळ उमेदवाराला तात्पुरत्या पात्रतेवर बसू देते. नोंदणी देणे हे राज्य वैद्यक परिषदेचे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे काम आहे, आणि परिषद सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून पाहते.

कोणते नियम लागू होतात हे प्रवेशाच्या तारखेवर ठरते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी परदेशी पदवीधरांसाठी नवे नियम अधिसूचित केले आणि ते त्या तारखेनंतर प्रवेश घेतलेल्यांना लागू झाले. तुमच्या कन्येचा प्रवेश 2019 चा असल्यामुळे तिच्यासाठी 2002 चीच चौकट आहे, ही तिच्या दृष्टीने मोठी सवलत आहे. परदेशी प्रवेशासाठी नीट 2018 पासून सक्तीची झाली आणि तिचा निकाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. ती 2019 ची नीट उत्तीर्ण होऊन त्याच वर्षी गेली, तेव्हा त्या बाजूनेही चिंता नाही. नीटचे मूळ गुणपत्रक मात्र जपून ठेवा. ते आता कशाला लागणार म्हणून हरवलेले मी अनेकदा पाहिले आहे.

तुमच्या प्रकरणातील खरा नाजूक भाग ऑनलाइन सत्रांचा आहे. करोना आणि त्यानंतर युक्रेनमधील युद्ध यांमुळे हा विषय चिघळला. 28 जुलै 2022 च्या पत्रकाने आयोगाने अखेरच्या वर्षात परतलेल्या आणि 30 जून 2022 पर्यंत पदवी मिळालेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू दिले, पण त्यांच्यावर भारतात एकाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप घातली. पुढे जून 2024 मधील पत्रकांनंतर ऑनलाइन झालेल्या भागाची प्रत्यक्ष वर्गात आणि रुग्णालयात भरपाई झाली का, हा प्रश्न मध्यवर्ती ठरला. तुमच्या कन्येची ऑनलाइन सत्रे पहिल्या-दुसऱ्या वर्षातील आहेत, अखेरच्या वर्षातील नाहीत, त्यामुळे तिची बाजू बरी आहे. तरीही त्या सत्रांची भरपाई केव्हा आणि कशी झाली याचे विद्यापीठाचे पत्र तिच्याजवळ असले पाहिजे.

आणि ते पत्र पासपोर्टशी जुळले पाहिजे. मी फाइल पाहतो तेव्हा आधी पासपोर्ट उघडतो. भारतातून निघाल्याचा शिक्का, तिकडे पोहोचल्याचा शिक्का, परतीचा शिक्का, असे सगळे शिक्के तारखेच्या क्रमाने एका कागदावर उतरवून घेतो आणि शेजारच्या रकान्यात ट्रान्सक्रिप्टमधील, म्हणजे विद्यापीठाच्या सत्रवार गुणपत्रकातील, सत्रे लिहितो. कोणते सत्र ती कोठे असताना झाले हे त्या एका कागदावर दिसते. एका मुलाच्या फाइलमध्ये फेब्रुवारी ते जून 2021 हे सत्र पूर्णपणे प्रत्यक्ष उपस्थितीत झाल्याचे विद्यापीठाचे पत्र होते, आणि पासपोर्टवर मात्र मुंबई विमानतळावरील आगमनाचा शिक्का नोव्हेंबर 2020 चा तर पुढच्या प्रस्थानाचा ऑगस्ट 2021 चा होता. विद्यापीठाने मागितल्यासरशी गोड बोलून दिलेले पत्र त्याच्या अंगाशी आले. नसलेला कागद मागवता येतो. खोटा ठरलेला कागद संपूर्ण फाइलवर संशय ओढवतो. तेव्हा विद्यापीठाकडून पत्र मागवताना ‘सगळे ऑफलाइन झाले’ असे सरसकट वाक्य मागू नका. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वर्ग ऑनलाइन होते, त्या विषयांचे प्रात्यक्षिक आणि क्लिनिकल काम पुढे अमुक काळात प्रत्यक्ष पूर्ण झाले, असे तारखांसह मागा. पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल तर जुना पासपोर्ट टाकून देऊ नका. शिक्के त्याच्यातच आहेत.

दुसरी नेहमीची अडचण नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात जाते आणि बाकीची दोन नावे एकत्र येतात. त्या पासपोर्टवरून विद्यापीठ रशियन लिपीत नाव लिहिते, आणि डिप्लोमाचा इंग्रजी अनुवाद करणारा ते पुन्हा रोमन लिपीत आणतो. रावेर-यावलकडील महाजन आडनावाच्या मुलांचे या फेऱ्यात ‘माखाद्झान’ होऊन आलेले मी पाहिले आहे, कारण रशियन लिपीत ‘ह’साठी वापरतात त्या अक्षराचे नियमाप्रमाणे लिप्यंतर ‘ख’सारखे होते. मुलगा तोच, विद्यापीठ तेच, पण कागदांवर माणसे दोन. यावरचा सर्वांत पक्का उपाय विद्यापीठाकडूनच ‘ही दोन्ही नावे एकाच विद्यार्थ्याची आहेत’ असे पासपोर्ट क्रमांकासह पत्र घेणे हा आहे. इथे केलेले प्रतिज्ञापत्र त्याच्या जोडीला द्यावे, पण एकट्या प्रतिज्ञापत्रावर काम भागेल असे गृहीत धरू नये. तिची वर्गमैत्रीण कोणी अजून तिकडे असेल तर तिच्यामार्फत हे काम आत्ताच उरकून घ्या. ईमेलवर महिनोन्‌महिने उत्तर येत नाही.

डिप्लोमा आणि ट्रान्सक्रिप्ट यांवर अपोस्टिल (परदेशात मान्य होणारा सरकारी साक्षांकनाचा शिक्का) किंवा भारतीय दूतावासाची साक्षांकने लागतात. तुमची कन्या परीक्षेला बसली आहे, म्हणजे डिप्लोमाचे ते काम झालेले असणार. ट्रान्सक्रिप्टचे झाले आहे का एवढे पाहा. आणखी एक लहान गोष्ट. मध्य आशियातील आणि रशियातील डिप्लोमावर ‘एमडी’ असे छापलेले असते. भारतात त्या पदवीची किंमत एमबीबीएसएवढीच धरली जाते, त्यामुळे पाटीवर किंवा लेटरहेडवर एमडी लिहिण्याचा मोह पुढेही टाळायला सांगा.

आता परीक्षेकडे येतो. पहिल्या प्रयत्नात 131 आणि दुसऱ्यात 144 गुण मिळवणारी मुलगी परीक्षा सोडून देण्याच्या स्थितीत आहे असे मला मुळीच वाटत नाही. या परीक्षेत बहुतेक सत्रांत चारांपैकी जवळजवळ तीन उमेदवार अनुत्तीर्ण होतात, आणि अनेक जण शंभरच्या आसपास अडकून पडलेले असतात. त्या मानाने ती दाराशी उभी आहे. हीच धाव 90 वरून 95 वर गेली असती तर मी वेगळे उत्तर दिले असते, आणि वय, घरची आर्थिक ओढाताण, मुलीची स्वतःची इच्छा यांवरही ते अवलंबून राहिले असते.

मात्र तिसऱ्या वेळी तोच अभ्यास पुन्हा करून उपयोग नाही. 300 गुणांपैकी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या पहिल्या वर्षाच्या विषयांना प्रत्येकी 17 असे 51 गुण आहेत. हेच विषय तिने ऑनलाइन शिकलेले असण्याची शक्यता मोठी आहे. सामाजिक वैद्यकशास्त्राला 30 आणि स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राला 30 गुण आहेत. सामाजिक वैद्यकशास्त्राचा मोठा भाग भारतीय आहे : आपले राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग निर्मूलनाचा कार्यक्रम, आशा आणि एएनएम यांची कामे, उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची रचना. किर्गिझस्तानात हे कोणी शिकवत नाही आणि शिकवायचे कारणही नाही. परदेशी पदवीधरांचे गुण येथे उगाच वाया जातात असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, कारण मुले हा विषय ‘शेवटी वाचून काढू’ म्हणून ठेवतात आणि सगळा वेळ मेडिसिन-सर्जरीत घालवतात. तिने जुन्या सराव परीक्षांतील चुका विषयवार मांडून पाहाव्यात. बहुतेक वेळा कमी पडलेले गुण दोन-तीन विषयांतच साचलेले सापडतात. परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे ती जाणत असेलच.

नेक्स्ट ही एमबीबीएसच्या अखेरीस घ्यायची सामाईक राष्ट्रीय परीक्षा येणार म्हणून थांबावे का, असेही पुष्कळ जण विचारतात. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात तिची तरतूद आहे आणि ती लागू होणे पुढे ढकलले जात आले आहे. ती आली की परदेशी पदवीधरांनाही तीच द्यावी लागेल. ती सोपी असेल असे मानण्याला आधार नाही, म्हणून थांबण्यात मला शहाणपणा दिसत नाही.

दवाखान्यात बसण्याच्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ नकाराचे आहे. त्याच कायद्याच्या कलम 34 नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीने वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘डॉक्टरसाहेब शेजारच्या खोलीत आहेत, ती फक्त तपासते’ ही सबब एखादा रुग्ण दगावला किंवा कोणी तक्रार केली की टिकत नाही, आणि गावात तक्रार करायला कोणाला फार वेळ लागत नाही. तिच्या नावाची पाटी लावू नका आणि तिच्या अक्षरात प्रिस्क्रिप्शन लिहू देऊ नका. वैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करणे तर दूरच राहिले. रिकामे राहण्याची सवय लागू नये ही तुमची काळजी मला समजते. त्यासाठी तिने एखाद्या रुग्णालयात प्रशासकीय काम करावे किंवा वरिष्ठ डॉक्टरांच्या परवानगीने ओपीडीत केवळ निरीक्षक म्हणून बसावे. रुग्णाला हात लावू नये, कागदावर काही लिहू नये. खरे सांगायचे तर सहा गुण कमी असलेल्या मुलीने हा काळ अभ्यासालाच द्यावा.

दुसऱ्या राज्यातून नोंदणी करून देणाऱ्या माणसाबद्दल इतकेच सांगतो की डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने परीक्षा उत्तीर्ण न होता नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून 73 परदेशी पदवीधर आणि 14 राज्य वैद्यक परिषदा यांच्यावर गुन्हा नोंदवला. त्यातील अनेकांनी वर्षानुवर्षे प्रॅक्टिस केल्यावर पोलीस दारात आले. उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र परीक्षा मंडळाकडून थेट पडताळून घेता येते, त्यामुळे असे काम आज खपले तरी उद्या खपेल याची खात्री नाही. त्या माणसाला मूळ कागद दिले असतील तर आधी ते परत घ्या.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर क्रम असा असतो : परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, तिच्या आधारावर एक वर्षाची फिरती इंटर्नशिप, आणि ती पूर्ण झाल्यावर कायम नोंदणी. तात्पुरती नोंदणी हातात नसताना एखाद्या रुग्णालयाने ‘या, रुजू व्हा, कागद मागाहून बघू’ म्हटले तरी रुजू होऊ नये. ते दिवस मोजले जात नाहीत. परिषदेचे कार्यालय मुंबईत चिंचपोकळीजवळ साने गुरुजी मार्गावर आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या गुरुजींच्या नावाच्या रस्त्यावर आपली मुले रात्रीच्या गाडीने जाऊन फायली घेऊन उभी असतात, याची मला दर वेळी थोडी गंमत वाटते. अर्ज ऑनलाइन भरला तरी मूळ कागद दाखवावे लागतात, तेव्हा प्रत्येक मूळ कागदाच्या दोन-तीन साक्षांकित प्रती सोबत न्याव्यात.

इंटर्नशिपची जागा मिळण्याला वेळ लागतो, कारण वैद्यकीय महाविद्यालयात परदेशी पदवीधर इंटर्नांची संख्या मंजूर प्रवेशक्षमतेच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच ठेवलेली आहे. 100 प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयात याचा अर्थ सात-आठ जागा असा होतो. खान्देशात धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय महाविद्यालये आहेत, पण घराजवळचेच मिळेल असा हट्ट धरू नका. वाटपाची पद्धत आणि उपलब्ध जागा सत्रागणिक बदलतात, म्हणून त्या वेळच्या सूचना वाचूनच पसंती भराव्यात. इंटर्नशिपसाठी परदेशी पदवीधरांकडून महाविद्यालयाने शुल्क घेऊ नये आणि त्यांना इतर इंटर्नांच्या बरोबरीने विद्यावेतन द्यावे, असे आयोगाने मार्च 2022 च्या पत्रकात स्पष्ट केलेले आहे. तरीही एका ठिकाणी मुलांकडून ‘विकासनिधी’ मागितल्याचे मी ऐकले होते. अशी मागणी आली तर ती लेखी मागा. लेखी म्हटले की ती बहुधा विरून जाते.

शक्य झाल्यास तिने खान्देशातलीच जागा का घ्यावी, याचे मात्र माझ्याजवळ एक कारण आहे. 52 आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये 12 आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्राचे, म्हणजे बहुतांशी ग्रामीण केंद्रांवरचे असतात. परदेशात या मुलांना रुग्णाशी बोलायला रशियन पुरेशी येत नव्हती, त्यामुळे रुग्णाला विचारून आजाराचा इतिहास घेण्याचा सराव त्यांना कमी झालेला असतो. तीच मुलगी शिरपूर-साक्रीकडच्या केंद्रावर बसली आणि म्हातारी ‘पोटमा दुखस’ म्हणाली, की कधीपासून, जेवणाआधी की नंतर, उलटी झाली का, हे सगळे ती अहिराणीतून दोन मिनिटांत विचारून घेते. मुंबई-पुण्याहून आलेल्या इंटर्नला तेथे सिस्टरची मदत लागते. धडगाव-अक्कलकुव्याकडे गेली तर भिली आणि पावरीपुढे तिलाही मदत लागेल, पण निदान ऐकण्याची सवय लागलेली असेल.

राहिला भाच्याचा प्रश्न. 2022 चा प्रवेश असल्यामुळे त्याला 2021 चे नियम पूर्णपणे लागू आहेत आणि ते तुमच्या कन्येच्या नियमांपेक्षा कडक आहेत. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातील आणि एकाच संस्थेत पूर्ण केलेला हवा. मध्येच विद्यापीठ बदलण्याची सोय त्यात नाही. त्याच परदेशी संस्थेत आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि भारतात परतल्यावर पुन्हा 12 महिन्यांची वेगळी. प्रवेशापासून सगळे मिळून दहा वर्षांत आटोपले पाहिजे. फिलिपिन्समधील चार वर्षांचा एमडी अभ्यासक्रम 48 महिन्यांचा असल्यामुळे याच अटीवर अडला, तेव्हा कॅलेंडर मोजून पाहणे गरजेचे आहे. सर्वांत दुर्लक्षित अट ही की ती पदवी घेतलेला विद्यार्थी त्या देशात तेथील नागरिकांच्या बरोबरीने वैद्यकीय व्यवसायाची नोंदणी मिळण्यास पात्र असला पाहिजे. दलाल या अटीबद्दल बोलत नाहीत आणि माहितीपत्रकात ती नसते. भाच्याने पुढच्या वर्षाची फी भरण्याआधी विद्यापीठाच्या डीन कार्यालयाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : अभ्यासक्रमाचा कालावधी महिन्यांत किती, 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयांत होते का आणि ती प्रमाणपत्रात वेगळी दाखवतात का, आणि परदेशी पदवीधराला त्या देशात परवान्यासाठी नेमके काय करावे लागते. उत्तर विद्यापीठाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्यावे आणि ते पासपोर्टच्या फाइलमध्येच ठेवावे.